पहिला आकडा सोडून

प्रिय टकलूबाई,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. तब्येत उत्तम आहे. हे सगळं मी स्वतःच्या हाताने लिहितोय, म्हणजे हातही शाबूत आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण आपण दोघं फोनवर काय बोलतो ते तुला माहीतच आहे. तू विचारतेस, वरचा किती, खालचा किती. मी सांगतो. खरं म्हणजे प्रेशरच्या मशीनने तो आकडा तुझ्या फोनवर आधीच पाठवलेला असतो, तरी तू विचारतेस आणि तरी मी सांगतो. मग तू म्हणतेस, 'जेवलात का?' मी म्हणतो, जेवलो. मग तू म्हणतेस, 'ठेवते, बाबा.' तुझी आई गेल्यापासून आपलं बोलणं एवढ्यावर आलंय. ज्या माणसाने जन्मभर लोकांची डोकी हातात धरून गप्पा मारल्या, त्याला एवढं पुरत नाही गं.

टकलूबाई म्हटलं म्हणून फुगून बसू नकोस. ऑफिसात तुझ्या हाताखाली माणसं आहेत, तुला मॅडम म्हणतात, सगळं मान्य. पण दोन वर्षांची होईपर्यंत तुझ्या डोक्यावर धड चार केस नव्हते, हे काही मी विसरणार नाही. सलूनवाल्याच्या घरात टकली पोर, म्हणून गिऱ्हाइकांनी मला भंडावून सोडलं होतं. एकजण म्हणायचा, 'शेट, दुकानातले झाडून टाकता त्यातले थोडे घरी न्या.' तुझी आई चिडायची आणि मी हसायचो, आणि मी हसतो म्हणून ती आणखी चिडायची. शेवटी तुला केस आले, ते आले असे की कंगवा मोडावा. तुझी पहिली कटिंग मीच केली. खिडकीकडच्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर फळी टाकून तुला वर बसवलं होतं. तू रडली नाहीस. आरशात मला शोधत होतीस.

तीच खुर्ची आता घरी आहे, हे तुला माहीत नसेल. आल्याशिवाय कळणार कसं? दुकान कारागिराला चालवायला दिलं तेव्हा तो म्हणाला, 'शेट, नव्या खुर्च्या आणतो, या जुन्या भंगारात देऊ.' दोन देऊ दिल्या. तिसरी मात्र दोन हमाल लावून तीन जिने चढवून आणली. पुढच्या खोलीत ती ठेवल्यावर माणसाला आडवं चालावं लागतं. आई असती तर तिने खुर्ची आणि मी, दोघांनाही जिन्यात ठेवलं असतं. खुर्ची खिडकीकडे तोंड करून आहे, समोर आरसा नाही. संध्याकाळी मी तिच्यात बसतो आणि समोरच्या इमारतीतले दिवे लागताना बघतो. कुठल्या घरात कोण किती वाजता येतं, हे मला पाठ झालंय. यात अभिमानाचं काही नाही.

तू मशीन पाठवलंस ते आई गेली त्याच महिन्यात. डॉक्टरांकडच्या सिस्टरने मला नीट शिकवलं. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, एकावर एक नाहीत, पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या उंचीला टेकवलेला, आणि बोलायचं नाही. एकदा मोजून भागत नाही, म्हणाली. एक आकडा कशानेही चढतो. जिना चढून आलात, कुणाशी भांडलात, लघवीला लागलीये, काहीही चालतं त्याला. म्हणून मिनिटभर थांबून तीनदा मोजायचं, पहिला सोडून द्यायचा आणि उरलेल्या दोघांची सरासरी धरायची. मी घरी येऊन खुर्चीत बसलो तर काय, पाठ टेकते, पाय फूटरेस्टवर सपाट, आणि दांडा दाबून खुर्ची वर घेतली की खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलेला हात पाहिजे त्या उंचीला. माणसाचं प्रेशर मोजायला याहून चांगली खुर्ची कुणी केली नसेल. एवढा आनंद झाला की कुणालातरी दाखवावीशी वाटली.

तिथून घोळ सुरू झाला. पहिले आले खालच्या मजल्यावरचे घड्याळजी. त्यांना बसवलं, सवयीने गळ्याभोवती कपडाही बांधला, मग लक्षात आलं की दाढी करायची नाहीये. दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या बाई आल्या. मग तळमजल्यावर दुकान असलेले टेलरमास्तर, सकाळी पाव टाकणारा किडकिडा पोरगा, लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस. लिफ्ट दुरुस्त झाली नाही, पण त्याचं प्रेशर चांगलं निघालं. प्रत्येकाचं मी तीनदा मोजायचो. शास्त्र म्हणून मोजायचो हे खरं, पण तीनदा मोजायचं म्हटलं की माणूस पंधरा मिनिटं थांबतो आणि नंतर चहालाही थांबतो, हे जास्त खरं. मोजताना मी त्यांना बोलू द्यायचो नाही. चहाच्या वेळी मात्र सगळं साठलेलं बाहेर यायचं, घड्याळजींच्या सुनेपासून बाईंच्या गुडघ्यापर्यंत. घरात पुन्हा आवाज आला होता.

ते सगळे दंड तुझ्या फोनवर माझ्या नावाने जमा होतायत, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. मला वाटायचं, मशीनला कळत असेल कोण बसलंय ते. तू आठवड्याची सरासरी डॉक्टरांना पाठवायचीस आणि डॉक्टर म्हणायचे, छान आहे, गोळी तीच चालू ठेवा. पावाच्या पोराचे कमी आणि मास्तरांचे जास्त मिळून अख्ख्या इमारतीची ती सरासरी होती. तिच्यावर माझी गोळी ठरत होती. सरासरी छान येणारच होती, तिच्यात मी एक-चतुर्थांशही नव्हतो.

मग तो मंगळवार. टेलरमास्तरांचा आकडा तिन्ही वेळा एकशे नव्वदच्या पुढे गेला. मी त्यांना म्हटलं, आजच्या आज डॉक्टरांकडे जा. ते म्हणाले, 'लग्नाचा कोट आहे हातात, तो देऊन जातो.' मी त्यांच्या मागे जिन्यापर्यंत बडबडत गेलो, तिथून खाली त्यांच्या दुकानापर्यंत गेलो, आणि फोन वर खुर्चीवरच राहिला. तो आकडा तुला माझाच वाटला, आणि फोन वाजत होता, वाजत होता. परत वर आलो तर दारात अ‍ॅम्ब्युलन्सची दोन माणसं स्ट्रेचर घेऊन उभी, आणि शेजारच्या बाई पदराने डोळे टिपतायत. मी विचारलं, कोण गेलं? त्या मला बघून किंचाळल्या. मला तिथल्या तिथे बसवून मोजलं तर माझं बरं होतं. मग हा एकशे नव्वद कुणाचा, म्हणून त्या माणसांनी मला धरलं. शेवटी मी त्यांना खाली घेऊन गेलो. मास्तर गळ्यात टेप अडकवून काज करत बसले होते. येईचनात. पण नेलं. आता गोळ्या घेतात, मीठ कमी केलंय, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की ती अ‍ॅम्ब्युलन्स खास त्यांच्यासाठी आली होती.

त्या संध्याकाळी मी तुला सगळं खरं सांगितलं तेव्हा मला वाटलं, तू हसशील. निदान ओरडशील. पण तू म्हणालीस की तू मीटिंगमधून उठून ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसली होतीस, आणि मी फोन उचलत नव्हतो तेव्हा तिथूनच अ‍ॅम्ब्युलन्स पाठवलीस. त्याच फोनवर तू ते नवं काम सांगितलंस. समुद्रापलीकडे, दोन वर्षं, तुला हवं होतं तसंच. महिनाअखेर हो की नाही कळवायचं. आणि तू अट घातलीस. एक आठवडा मी एकट्याने, कुणालाही खुर्चीत न बसवता, सकाळ-संध्याकाळ मोजायचं. सरासरी चांगली आली तर तू जाणार, नाहीतर नाही म्हणून कळवणार. डॉक्टरांनीही मान डोलावली. मीही हो म्हटलं.

दारावर मी पाटी लावली: खुर्ची बंद आहे. घड्याळजी वाचून हसले आणि परत गेले. शिकवणीच्या बाई दोनदा आल्या, दारातूनच चौकशी करून गेल्या. मग कुणी आलं नाही. मोजण्याआधीची ती पाच मिनिटं गप्प बसायची, ती मला सगळ्यात जड गेली. दुकानात मी कधी गप्प होतो? घरीही आई म्हणायची, 'झोपेत तरी तोंडाला कुलूप लावा.' आता कुलूप लावून बसलो तर फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. वरच्या घरात कुणीतरी खुर्ची ओढतं, तो आवाज. खाली मास्तरांचं शिलाई मशीन. आई दुपारी ज्या बाजूला पाय पोटाशी घेऊन पडायची, दिवाणाची ती बाजू अजून थोडी दबलेली आहे. मी तिकडे बसत नाही. एकटेपण मला आहे हे मला ठाऊक होतं, पण एवढं आहे हे त्या आठवड्यात कळलं.

आणि एक कळलं. माझा पहिला आकडा दर वेळी चढलेला यायचा. सकाळी, संध्याकाळी, कधीही. पट्टा आवळायला लागला की मला आईचं ते मोजणं आठवतं. तू सुट्टीवर आली होतीस. तिचं डोकं दुखत होतं, म्हणून तू तिला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेलीस. गर्दी होती. तिथल्या माणसाने स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा बांधला, एकदा मोजलं आणि म्हणाला, ठीक आहे. तू तिथूनच मला दुकानात फोन केलास, 'बाबा, प्रेशर नॉर्मल आहे आईचं, काही काळजी नाही.' मी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावत होतो. मी त्याला सांगितलं, बायकोचं सगळं ठीक आहे, लेकीने दाखवून आणलं. माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी आपण तिघांनी बाहेरून आणून जेवलो आणि आई म्हणाली, उगाच तुम्हाला धावपळ. पुढे तिचं डोकं दुखलं की तीच म्हणायची, मोजलंय की, नॉर्मल आहे. मग एका सकाळी ती नळ चालू ठेवून खाली बसली ती उठली नाही. नळ मी बंद केला.

तर पहिल्या आकड्यात हे सगळं असतं. मग मिनिट जातं, दुसऱ्या खेपेला पट्टा आवळतो तेव्हा मी खिडकीतून दिवे बघत असतो. तिसऱ्याला मी नुसता एक म्हातारा असतो, पाठ टेकून बसलेला. सिस्टर म्हणते तेच बरोबर आहे, पहिला धरायचा नाही. औषधासाठी तो खोटाच. फक्त तुझ्या फोनवर जी सरासरी दिसते, तिच्यातून माझा हाच भाग गळून जातो. डॉक्टरांना त्याची गरज नाही. तुला आहे, असं मला वाटतं.

चौथ्या का पाचव्या संध्याकाळी टेलरमास्तर आले. गोळीने उतरलंय का बघायचं होतं. पाटी दिसली तरी वाजवली बेल, म्हणाले, 'माझ्याचसाठी अ‍ॅम्ब्युलन्स येते, मला कसली पाटी?' मी दार धरून उभा राहिलो. खोटं बोलत नाही, एक विचार आला. यांना बसवलं, तीनदा मोजलं, की सरासरी बिघडते. मग तू जात नाहीस. कुणाला काही कळणार नाही आणि मला तर काही करायचंही नाही, फक्त बाजूला सरकायचं. मला तू इथे हवी आहेस गं, फार हवी आहेस. मास्तर आत पाऊल टाकत होते. मी त्यांना म्हटलं, दवाखान्यात जा, तिथे मोजा. ते चिडून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, काल पुन्हा बोलायला लागले.

आठवडा संपला. सरासरी आली ती तू बघितलीसच. एकशे अठ्ठावीसवर अठ्ठ्याहत्तर, तीही निव्वळ माझी, दुसऱ्या कुणाचाही दंड नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात याहून चांगलं काय हवं. मी दुपारपासून तुझ्या फोनची वाट बघत होतो. मला वाटलं, तू म्हणशील, बाबा, मी जाते. मी बरं म्हणायची तालीमही करून ठेवली होती, आवाज न हलवता. आणि तू म्हणालीस, 'अजून एक आठवडा मोजू या, बाबा.'

मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिलो. आधी आनंद झाला, लपवत नाही. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. पुढचा आठवडाही चांगला आला तर तू आणखी एक मागशील. महिना संपेल, त्या लोकांना उत्तर जाणार नाही. दवाखान्यात त्या माणसाने जे दोनदा मोजलं नाही, ते तू माझ्या दंडावर मोजत बसली आहेस. आणि म्हणूनच तू घरीही येत नाहीस. इथे तो दिवाण आहे, तो नळ आहे, आणि मी आहे. माझ्याकडे बघितलं की तुला तुझा तो फोन आठवत असणार. बरोबर ना?

म्हणून हे पत्र. फोनवर मला हे बोलता आलं नसतं आणि तुला ऐकता आलं नसतं. मी आणखी एक आठवडा मोजणार नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा मोजीन, ते सांगतील तसं, त्याची काळजी करू नकोस. पण तुझ्यासाठी मोजायचं आता थांबवतो. तुझी आई तुझ्यामुळे गेली नाही. तू तिला दवाखान्यात नेलंस, आमच्यापैकी कुणी तेवढंही केलं नव्हतं. तो आकडा तू एकटीने खरा मानला नाहीस. मी मानला, तिने मानला, आपण तिघं त्यावर जेवलो. मला तुझा राग कधी आला नाही, एक क्षणही नाही. हे मी आधीच म्हणायला हवं होतं, पण तू आकडा विचारायचीस आणि मी आकडा सांगायचो. सरासरी चांगली आहे हे खरं आहे आणि मी एकटा आहे हेही खरं आहे. दोन्ही एकाच माणसाचं आहे, आणि तू इथे थांबून त्यातलं दुसरं कमी होणार नाही, रोज नुसता आकडाच विचारणार असशील तर. तेव्हा उद्याच त्यांना हो म्हणून कळव. आणि जायच्या आधी घरी ये. मशीन मी कपाटात ठेवलंय. तू त्या खुर्चीत बस, आता फळी लागायची नाही. केस किती वाढवले आहेस ते फोटोत दिसतंच आहे, टोकं तरी कापून देतो. इतकी वर्षं मी बघत आलो, माणसं खुर्चीत बसली की मनातलं बोलतात, कारण त्यांना आमच्याकडे बघावं लागत नाही. इथे तर आरसाही नाही. तू खिडकीकडे बघ आणि आईबद्दल बोल, नाहीतर रड, नाहीतर काहीच बोलू नकोस. तुझं डोकं माझ्या हातात असेल, आणि मी तुझ्या मागे उभा असेन.

तुझाच,
बाबा